डावी बाजू

देशाचे दरवाजे परदेशी मालाला उघडले म्हणून पेपरांतून रकानेच्या रकाने भरत होते, त्या वर्षी सीताराम ओव्हाळनं बिबवेवाडीतल्या आपल्या फ्लॅटचं दार आतून लावून घेतलं आणि स्वतःच्या हातानं स्टिरिओ अॅम्प्लिफायर बनवला. तो कारखान्यात मेंटेनन्सला होता. दुसऱ्यानं जोडलेल्या वस्तूवर त्याचा विश्वास नव्हता, आणि हे तो कुणी न विचारताही सांगायचा. बुधवार पेठेतल्या नासिरभाईंच्या दुकानातून शनिवारी-शनिवारी सुटे भाग यायचे. घरभर सोल्डरिंगचा वास सुटायचा आणि चंपा, त्याची बायको, नाकाला पदर लावून म्हणायची, "अहो, भाजीला फोडणी देऊ की तुमच्या डब्याला?"

पण चाचणीला तीच लागायची. अॅम्प्लिफायर जिवंत आहे का ते बघायची जुनी रीत अशी, की इनपुटच्या तारेला नुसतं बोट लावायचं. माणसाच्या अंगातूनच एक घूंऽऽ उठतो आणि स्पीकरमधून बाहेर पडतो. सीताराम गॅलरीतल्या टेबलाशी बोट लावून बसायचा, आणि चंपा हॉलमध्ये स्पीकरला कान देऊन ओरडायची, "आला! डावा आला!" खालच्या मजल्यावरच्या बायकांना वाटायचं, ओव्हाळांकडे पाहुणे फार येतात.

चंपाचा आवाजच तसा होता. जयंतीला मंडळाच्या बायकांत ती पुढं उभी राहून गायची, आणि मध्येच माइक बंद पडला तर ते मंडळवाल्यांखेरीज कुणाला कळायचं नाही. रविवारी सकाळी सीताराम कॅसेट लावायचा तेव्हा ती स्वयंपाकघरातून बरोबरीनं गायची. बरोबरीनं कसली, मूळ गायकाच्या पुढंच धावायची. सीताराम चिडायचा. "अगं, त्याला तरी गाऊ दे, कंपनीनं पैसे दिलेत त्याला!" ते चिडणंही किती सुखाचं होतं, हे त्याला पुढं कळलं.

कारखान्यानं स्वेच्छानिवृत्ती देऊन त्याला घरी बसवलं. मुलगी निकिता हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली आणि सकाळी गळ्यात कार्ड अडकवून जाऊ लागली. अॅम्प्लिफायरवर कापड पडलं. मग एका हिवाळ्यात चंपाला झटका आला. हातपाय हळूहळू सुधारले, ती धरून धरून चालायलाही लागली, पण वाचा गेली ती परत आलीच नाही. डॉक्टर म्हणाले, "गाणी ऐकवत जा. बोलणं अडतं तिथं कधी कधी गाणं वाट काढतं." एवढ्या एका वाक्यावर सीताराम तगून राहिला. चंपानं एकदा तोंड उघडून आपल्याला टोमणा मारावा, याहून त्याला आयुष्यात दुसरं काही नको होतं.

त्यानं कापड काढलं, धूळ पुसली, डाव्या स्पीकरशेजारी चंपाची वेताची खुर्ची मांडली, तिला बसवलं आणि कॅसेट लावली. उजवीकडून गाणं आलं. डावी बाजू मुकी.

खरं सांगायचं तर सीतारामला जरा बरंच वाटलं. चंपाच्या दुखण्यापुढं त्याचे हात टेकले होते. हे दुखणं त्याच्या ओळखीचं होतं. त्यानं अॅम्प्लिफायरची पेटी गॅलरीत नेली, झाकण उघडलं, लांब तारा ओढून दोन्ही स्पीकर हॉलमध्येच ठेवले. म्हातारे झालेले कंडेन्सर बदलले, सांधे पुन्हा डागले. मग सवयीनं डाव्या तारेला बोट लावलं आणि हॉलच्या दिशेनं ओरडला, "आला का गं?"

उत्तर येणार नव्हतंच. चंपानं नुसतं वळून पाहिलं. घूंही आला नव्हता.

शेवटी तो पेटी पिशवीत घालून नासिरभाईंकडे गेला. बाजार ओळखू येईना. रेडिओचे भाग मिळायचे तिथं आता कॉम्प्युटरचे माऊस टांगले होते. नासिरभाईंनी मात्र त्याला ओळखलं. त्यांनी दुकानातले स्पीकर जोडले, बोट लावलं. दोन्ही बाजू खणखणीत घुमल्या.

"ओव्हाळसाहेब," ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "दवाखान्यात आजारी माणूस आणायचा असतो."

अॅम्प्लिफायर घरी आणून जोडला. चंपा खुर्चीत बसलेलीच होती. डावी बाजू मुकी.

आता सीतारामनं कारखान्यातली पद्धत काढली. दोष सापडत नसेल तर अदलाबदल करायची. ज्याच्याबरोबर दोष सरकतो, तो दोषी. त्यानं तारा उलटसुलट केल्या. स्पीकरही बदलून पाहिले, उजवा डावीकडे आणि डावा उजवीकडे. काहीही केलं तरी खिडकीकडचा, खुर्चीजवळचा स्पीकर गप्पच राहायचा. मग उरलं काय? भिंत?

त्या शनिवारी निकितानं कॉम्प्युटरचं टेबल आणलं. जागा करायला तिनं आईला अलगद उठवून तिची खुर्ची हॉलच्या दुसऱ्या टोकाला, उजव्या स्पीकरशेजारी नेली आणि तिला परत बसवलं. कॅसेट चालूच होती.

"पप्पा, लेफ्टवाला सुरू झाला!" ती म्हणाली. मग थोडं थांबून, "पण आता राइट गेला."

 निकिता अंघोळीला गेल्यावर सीतारामनं चंपाला हात धरून गॅलरीत उन्हात नेलं. दोन्ही बाजू गाऊ लागल्या. परत आणून खुर्चीत बसवलं. खुर्चीकडची बाजू थांबली.

तो त्या मुक्या स्पीकरपुढं गुडघ्यांवर बसला आणि जाळी काढून आतल्या कागदी कोनावर तळहात ठेवला. कोन हलत होता. ढोलकीच्या प्रत्येक थापेला त्याच्या हाताला धक्का बसत होता. कान अगदी चिकटवला, तरी आवाज नव्हता.

त्यानं मान वर केली. चंपा समोर बघत होती. ओठ मिटलेले होते, चेहरा नेहमीसारखाच शांत. गळ्याची कातडी मात्र बारीक बारीक थरथरत होती.

सीतारामनं दोन बोटं तिच्या गळ्याला लावली.

ढोलकी तिथं होती.

त्याची भीतीनं गाळण उडाली, हे खरं. पण भीतीच्या खाली त्याला एक वेडी आशाही वाटली. त्यानं जाळी परत बसवली, स्क्रू पिळले आणि सगळी हत्यारं डब्यात भरून ठेवली.

निकिता म्हणाली, "पप्पा, फेकून द्या ना तो आता. मी नवीन म्युझिक सिस्टीम घेते. ईएमआयवर मिळते."

"याला काही झालेलं नाही," सीताराम म्हणाला. "राहू दे आहे तसा."

त्यानंतर तो रोज सकाळी कॅसेट लावायचा आणि अर्धंच गाणं ऐकत बसायचा. उरलेलं अर्धं कुठं जातंय ते त्याला ठाऊक होतं. उन्हाळा लागला तशी चंपा खाकरू लागली. एके दिवशी तिनं "अं" केलं. मग पाणी मागितलं, तोंडानं. निकिता ऑफिसातून धावत आली आणि आईच्या गळ्यात पडून रडली. डॉक्टर खूश झाले. सीतारामनं त्यांना अॅम्प्लिफायरबद्दल अवाक्षर काढलं नाही.

एका रविवारी तो कॅसेट लावून दूध आणायला खाली गेला होता. जिना चढताना पायरीवरच थबकला. दारातून पूर्ण गाणं येत होतं, दोन्ही बाजूंनी भरून, कैक वर्षांपूर्वीसारखं. आणि त्या गाण्याच्या पुढं धावणारा एक मोठा, मोकळा बाईमाणसाचा आवाज.

सीतारामच्या हातातली पिशवी खाली घसरली. त्यानं ती उचलली, डोळे पुसले आणि आत गेला. खुर्ची रिकामी होती. चंपा ओट्याशी उभी होती.

"कुठं रमला होता इतका वेळ?" ती न वळता म्हणाली. "दूध आणायला पाठवलं होतं, की म्हैस विकत घ्यायला?"

तो हसला.  पिशवी खाली ठेवून तो तिच्या वेताच्या खुर्चीत टेकला. खुर्ची अजून उबदार होती.

शेजारचा स्पीकर बंद पडला.

स्वयंपाकघरातलं गाणं थांबलं. "अहो, एक बाजू गेली बघा परत!"

'बघतो' म्हणायला सीतारामनं तोंड उघडलं.

"अहो? ऐकलंत का?"

त्यानं पुन्हा प्रयत्न केला. मग हळूच दोन बोटं स्वतःच्या गळ्याला लावली.

गळ्याच्या आत कडवं संपून ध्रुवपद सुरू झालं होतं.