मुठीजवळचा डाग

"ही बॅट माझी न्हय," म्हणत संचिताने टेबल टेनिसची बॅट मथुरासमोर ठेवली.

पोलिसातून निवृत्त झाल्यापासून मथुरा कट्टा गावात खाजगी तपासाची कामं घ्यायची. लवू तिचा सोबती, जन्मभर एसटीत कंडक्टर. त्याने बॅट उलटसुलट करून पाहिली.

"गो, ह्या रबरावरचो ओरखडो तुझोच मां? मग?"

"रबर माझाच. आतला लाकूड कोणीतरी बदलल्यान."

उद्या सकाळी जिल्हा संघाची निवड होती. संचिता टेबलापासून मागे राहून चेंडू कापत परतवणारी. तिला पातळ, लवचीक लाकूड लागायचं, चेंडू क्षणभर धरून ठेवणारं. जाड लाकूड ताठ असतं, चेंडू तडक उडवतं. काल सरावात तिचा प्रत्येक फटका टेबलाबाहेर गेला. प्रशिक्षक भाई सर म्हणाले, घाबरलीस. बाकीचे हसले.

तिने पिशवीतून फळकूट काढलं. तिचे आजोबा दाजी होड्या बांधायचे. बॅट उभी ठेवायला त्यांनी त्यात मापाची खाच पाडली होती. बॅट आत जाईना.

"दाजींची खाच चुकाची नाय," मथुरा म्हणाली आणि भिंग घेऊन वाकली. मुठीच्या वर उघड्या लाकडावर जांभळट डाग होता. तो रबराच्या काठाशी येऊन संपत होता. रबर स्वच्छ.

लवूने डागावर बोट घासून जिभेला लावलं. "आंबट. खारट पण."

"शी! पुरावो चाटतस?"

कालच्या सरावाआधी संचिता शिरोड्याला लग्नाला गेली, तेव्हा बॅट दोन दिवस क्रीडाभवनात होती. भवनाच्या किल्ल्या तिघांकडे.

रखवालदार मितेश भवनाच्याच मागच्या खोलीत राही, जेवण खानावळीत. "माका बॅटीतला काय कळता? हंय ऊन नाय, चड्डी सुकाक दोन दिस लागतत."

संचिताची प्रतिस्पर्धी स्वप्ना कसालला तिसऱ्या मजल्यावर राहायची. तिची आई दुकानातल्या पुडीतली आमसुलं आमटीत टाकत होती.

"मला जिंकायचंय, पण असं नाही," स्वप्ना म्हणाली. "हवं तर सरांना विचारा. जूनपासून ते बाबा चालवतात त्याच शाळेत लागणार आहेत."

भाई सर कट्ट्याचेच. घरापुढच्या खळ्यात, उन्हात, चटईवर आमसुलं वाळत होती. त्यांनी सरबत दिलं.

"घरचंच. रस-मीठ लावून वाळवतो. बिचारी संचिता! सहा वर्षं शिकवलंय तिला. दर रविवारी तिच्या आईच्या हातचं माशाचं कालवण जेवतो."

लवूने ग्लास रिकामा केला. माणूस देवासारखा वाटला त्याला.

दुपारी मथुराने सगळ्यांना भवनात बोलावलं आणि बॅटीचं रबर सोलून काढलं. डाग रबराखालीही बोटभर आत पसरला होता.

"रबर लावल्यावर डाग पडला असता, तर रबरावरही दिसला असता," ती म्हणाली. "म्हणजे लाकूड उघडं असताना ते आमसुलांत पडलं होतं. का? समुद्राच्या दमट हवेत लाकडाला लावलेला गोंद लवकर वाळत नाही, म्हणून रबर चिकटवण्याआधी कोणीतरी ते उन्हात ठेवलं. मितेशकडे ऊन नाही. स्वप्नाकडे वाळवण नाही, पुडी आहे. खळं एकाचंच आहे, सर."

सर हसायला गेले. जमलं नाही.

"स्वप्ना संघात आली, तर तिच्या वडिलांच्या शाळेत तुमची नोकरी पक्की. खरं ना?"

स्वप्ना त्यांच्यापासून दोन पावलं मागे सरकली. "माझ्या नावावर हे केलंत?"

मथुराने नुसता हात पुढे केला. सरांनी स्कूटरच्या डिकीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पातळ लाकूड आणलं. संचिताने ते फळकुटाच्या खाचेशी धरलं, मग छातीशी.

"दे, रबर मी लावून देतो," सर म्हणाले. "उद्यापर्यंत वाळेल. तुझ्या बॅटीवर माझाच हात बसलाय."

लवूला खरं वाटेना. एवढं झाल्यावरही?

"हात लावू नको," संचिता म्हणाली. सहा वर्षांत ती सरांना पहिल्यांदाच एकेरीत बोलली. "दाजी लावतीत."

लवू बाहेर नळाशी गेला. तीनदा चूळ भरली. सरबताची चव जाईना.