तानुबाईची चिठ्ठी

ही घडलेली गोष्ट आहे. जिच्यावर बेतली, त्या हीनाने स्वतः सांगितलेली. ज्यांना हसायचं त्यांनी आत्ताच हसून घ्यावं.

तारीख १५ मे २००८. ठिकाण मूर्तिजापूर. अमावास्येची रात्र वगैरे काही नव्हती. भर दुपार होती, डोकं तापवणारी.

हीना अकोल्याची. शाळाशाळांत जाऊन मुलांचं समुपदेशन करायची. त्या वर्षांत वऱ्हाडात गावोगावी बाप गमावलेली लेकरं होती. आजीच्या मनातलं भय आईत आणि आईचं लेकरात कसं उतरतं, आणि त्यातून आई-लेकरू दोघांना कसं बाहेर काढायचं, याचं पाच दिवसांचं प्रशिक्षण एका संस्थेने ठेवलं होतं. हीना सकाळच्या गाडीने जायची, संध्याकाळी परत. घरी सहा वर्षांची लेक अफिफा वाट बघायची.

चौथ्या दिवशी सरावासाठी एक खरं कुटुंब घेतलं. आठ वर्षांची प्रणाली. बाप गेल्यापासून तिची आई रुख्मिणी तिला घरात कोंडायची आणि बाहेरून कडी लावून कामाला जायची. रुख्मिणीलाही लहानपणी तिच्या आईने, पार्बताबाईने, असंच कोंडलं होतं. आणि पार्बताबाईला तिच्या आईने, तानुबाईने. तानुबाईचं एक लेकरू विहिरीत पडून गेलं होतं. तेव्हापासून ही कडी सुरू झाली.

तानुबाईला जाऊन तीस वर्षं झाली होती. पार्बताबाई मात्र बघायला स्वतः आली होती.

प्रशिक्षणार्थींनी एकेका माणसाची भूमिका घ्यायची. त्या नावाची चिठ्ठी छातीवर चिकटवायची. हीनाच्या वाट्याला तानुबाई आली.

ती दाराशी जाऊन उभी राहिली. हात आपोआप वर गेला...

खट्!

कडी लागल्याचा आवाज. सगळ्यांनी ऐकला.

सभागृहाचं दार काचेचं होतं. त्याला कडी नव्हतीच.

आता एक नियम होता. भूमिका संपली की प्रशिक्षक कौशल्याताई प्रत्येकाची चिठ्ठी स्वतःच्या हाताने काढायच्या. “मी ती नाही, मी अमुक,” असं तीनदा म्हणायचं, तोंडावर पाणी मारायचं, मगच जागा सोडायची.

नेमकं तेव्हाच भारनियमन सुरू झालं. पंखे थांबले. सगळे घामाघूम होऊन जेवायला पळाले.

हीनाला सोडवायचं राहून गेलं.

पार्बताबाई ताटावरून उठून तिच्याजवळ आली.

“बाई, माही माय अजून तुमच्यातच हाय. तिले अगुदर काढा.”

“अहो आजी, नाटक होतं ते!”

“तुमच्यासाठी असन. मले तिची नजर ठाऊक हाय.”

हीना हसली. चिठ्ठी स्वतःच ओढून काढली आणि पर्समध्ये टाकली. इथेच चुकलं.

संध्याकाळी अकोला स्टेशन आलं, तर डब्याच्या दारात तिचा पाय उचलेना. कुणीतरी आत धरून ठेवल्यासारखा. मागच्या बाईने ढकललं, तेव्हा ती फलाटावर आली.

शेजारणीकडून अफिफाला घेतलं. घरी आली. चहा ठेवल्याचं तिला आठवतं.

पुढचं आठवत नाही.

नवरा, जुबेर, आला तेव्हा चहा आटून पातेलं करपलं होतं.

“अफिफा कहाँ है?”

“खेल रही होगी.”

घर शांत होतं. फार शांत... एरवी या वेळी पोरगी घर डोक्यावर घ्यायची.

मग अडगळीच्या खोलीच्या दारावर आतून हळूच आवाज आला...

टक. टक.

बाहेरून कडी लावलेली होती. गंजलेली, कित्येक वर्षांत न हललेली कडी. काढायला जुबेरला हातोडी घ्यावी लागली.

हीनाने आपला तळहात पाहिला. गंजाने लाल झाला होता.

अफिफा अंधारात बसली होती. रडत नव्हती. आईकडे बघून म्हणाली,

“माय, मी इहिरीकडे नाई गेली वं. आता तं कडी काढ.”

घरात उर्दू. शाळाही उर्दू. अफिफाला तेव्हा मराठीचं एक वाक्य धड येत नव्हतं. आणि त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. आसपास विहीर नव्हती.

दुसऱ्या दिवशी हीना पहिल्या गाडीने मूर्तिजापूरला गेली. कौशल्याताईंनी ती चिठ्ठी पुन्हा लावली, स्वतःच्या हाताने काढली. तीनदा नाव घेतलं. पाणी मारलं. हीनाला एकदम हलकं वाटलं. ती ढसाढसा रडली.

पार्बताबाई कोपऱ्यातून बघत होती.

“तुमी मोकळ्या झाल्या, बाई. पोरीचं काय?”

अफिफाला चिठ्ठी कुणी लावलीच नव्हती. काढणार काय?

हीनाने घरातल्या सगळ्या कड्या उपटून टाकल्या. पुढे आतल्या खोल्यांची दारंही काढली, नुसते पडदे लावले.

अफिफा आता मोठी झाली आहे. तिला त्यातलं काही आठवत नाही. पण दुपारी डोळा लागला की तिचा हात उठतो... आणि ती शेजारच्या भिंतीवर हळूच ठोकते.

टक. टक.

हीना दर वेळी धावत जाते. पण तिथे उघडायला दारच नाही.