हजार नऊमधली पहिली घागर

"एक हजार नऊ!" रेवणप्पाकाकांनी शेवटची घागर भरून आरोळी ठोकली. टँकरनं भरलेला गावचा हौद रिकामा झाला. लातूर जिल्हा नवा कोरा होता, पण दुष्काळ चांगलाच मुरलेला!

"समद्या घरांना सारख्या घागरी!" काका म्हणाले.

"होऊच शकत न्हाई!" त्यांचा पुतण्या वीरभद्र कठड्यावर चढला. सुट्टीत त्याला मूळ संख्यांचा नाद लागला होता. "हजाराच्या पुढची पहिली मूळ संख्या हाय ही! एकतीसपर्यंत भागून बघितलंय मी. पुढं बघायलाच नको, बत्तीस गुणिले बत्तीस म्हंजे हजार चोवीस! घरं कितीबी असू द्या, सारखे वाटे पडत न्हाईत. कुणीतरी जास्तीची नेली!"

"हौदापाशी शेवटी कोण होतं?" काकांनी विचारलं.

"सुमनमावशी!" वीरभद्र फुशारकीत बोलून गेला. भीमनगरची रांग रोजच शेवटी असते, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

"मग उद्या तिला पाणी न्हाई!"

सुमनबाईंनी मान खाली घातली. त्यांची मुलगी पंचशीला वीरभद्राच्याच वर्गात होती. ती तरातरा पुढं आली.

"तुझं गणित बरोबर हाय. पण माझ्या आईचं नाव गणितानं सांगितलं का रे? उद्या पहिल्या घागरीपासून बघू!"

सकाळी दोघं आणि वीरभद्राची चुलतबहीण दानम्मा हौदाजवळच्या लिंबावर चढून बसले. काकांनी पहिली घागर भरली.

"लाभ! वीरभद्रा, कुठं हायस? ही घरी ने, रोजच्यासारखी!"

खळ्यावर धान्य मोजताना काका पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत, ते माप देवासाठी बाजूला ठेवत आणि पुढचं 'दोन' म्हणून मोजत. पाण्यालाही त्यांनी तीच सवय लावली होती. वीरभद्रानं सवयीनं खाली उडी मारली, घागर उचलली...

"थांब!" पंचशीला झाडावरून ओरडली. "ही तुमच्या वाट्यात धरली का?"

"न्हाई की! आपला वाटा मागून येतो!" दानम्मा म्हणाली.

"ही काढली की राहतात हजार आठ!" पंचशीला म्हणाली. "दोनानं भाग जातो, तिनानं जातो, सातानंबी!"

वीरभद्रानं हातातल्या घागरीकडं बघितलं. जास्तीची घागर तो स्वतःच नेत होता, रोज! शरमेनं त्याचे कान तापले. काकाही चाचरले, "अरे, माझ्या ध्यानातच आलं न्हाई..."

सरपंच आप्पासाहेबांनी वीरभद्राची पाठ थोपटली. "लई हुशार पोरगं! शोध लावला!"

तो हात पाठीवर त्याला नकोसा झाला. "शोध पंचशीलानं लावला," तो पुटपुटला आणि घागर खाली ठेवून सुमनबाईंपुढं गेला. "मावशी, चुकलो."

"हळू कशाला बोलतोस? काल तर समद्या गावाला ऐकू गेलं."

वीरभद्र पुन्हा कठड्यावर चढला. सारं गाव बघत होतं. तो मोठ्यानं म्हणाला, "जास्तीची घागर आमच्या घरी जात होती! मीच नेत होतो! सुमनमावशीचं नाव मी उगाच घेतलं!"

काकांनी भरून दिलेली घागर सुमनबाईंनी कमरेवर घेतली.

"आता शाबास," त्या म्हणाल्या.