कंबर नव्हे, खुबा

केसपेपर वाचता वाचता त्याचा पेन थांबला.

"सुवर्णा… मखमलाबाद. शेवंतीचा मळा?"

"हो. का?"

"काही नाही. गेल्या महिन्यात तुम्ही एकलहऱ्याच्या एका मुलाला नकार कळवलात ना…" त्याने पेनाला टोपण लावलं. "तो मी. जीवन."

सुवर्णाला वाटलं, पंचवटीतल्या त्या दवाखान्याची फरशी आत्ताच्या आत्ता दुभंगावी. शेजारी नवसाआत्याने पदर तोंडाला लावला. स्थळ आत्यानेच आणलं होतं, आणि मुलगा काय करतो विचारल्यावर तिनेच सांगितलं होतं, "मालिश करतो. हातपाय चोळून देतो लोकांचे." त्यावर फोटोही न बघता सुवर्णा म्हणाली होती — मालिशवाला नको.

आणि आता मालिशवाला पांढरा कोट घालून समोर बसला होता. त्याच्या मागे भिंतीवर फिजिओथेरपीची पदवी चौकटीत टांगली होती.

"असू द्या. नकाराचं दुखणं माझं मी बघतो. तुमचं सांगा."

"कंबर धरलीय पोरीची," आत्याने घाईने विषय उचलला. "पंधरा दिस झाले. रोज इटकरीचा शेक देते, तर लयच वाढलं."

"कंबर म्हणजे नेमकी कुठे? एका बोटाने दाखवा."

डाव्या मांडीच्या वर, बाजूला जे हाड हाताला लागतं, त्यावर सुवर्णाने बोट ठेवलं.

"ही कंबर नव्हे. हा खुबा."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. गावातल्या चिमणाबाईंचा खुबा मोडला होता आणि त्या पुन्हा उभ्या राहिल्याच नव्हत्या. "म्हणजे… ऑपरेशन?"

"थांबा हो. पडलात कुठे?"

"नाही."

"पुढे जांघेत दुखतं?"

"नाही."

"त्या कुशीवर झोपता येतं?"

"जीव जातो."

त्याने तिचा पाय हलकेच आत-बाहेर वळवून पाहिला. "फुलांचे क्रेट डाव्या कडेवर घेता ना?"

ती बघतच राहिली. "मार्गशीर्षातले गुरुवार आहेत, दिवसाला तीस-चाळीस होतात… पण तुम्हाला कसं कळलं?"

"दुखणंच सांगतंय. खुब्याचा सांधा खोल आत असतो. तो बिघडला की बहुधा जांघेत दुखतं. तुमचं दुखतंय बाहेर. इथे हाडावर पाण्याची इवलीशी पिशवी असते, गादीसारखी. क्रेट टेकून टेकून ती सुजलीय. सांधा शाबूत आहे." मग त्याने आत्याकडे पाहिलं. "आणि सुजेवर विटेचा शेक म्हणजे…"

"आगीत तेल," आत्या पुटपुटली.

"मी म्हणालो नाही हं."

दवाखान्यातल्या मदतनीस स्नेहाताई बर्फाची पिशवी घेऊन आल्या, तेव्हा सुवर्णाचे डोळे मोठे झाले. बाहेर डिसेंबरची थंडी. लोक कानटोप्या घालून हिंडत होते. "ह्या थंडीत बर्फ?"

"सुती टॉवेलात गुंडाळून. कातडीवर थेट कधीच नाही. पंधरा मिनिटं, दिवसातून तीनदा. वरून हा लवचिक पट्टा — बेताचा घट्ट, आत दोन बोटं शिरतील असा. पायाला मुंग्या आल्या की लगेच सोडायचा. आणि क्रेट कडेवर नाही, हातगाडीवर."

"घरी असली पिशवी नाय," आत्या म्हणाली.

"फ्रीजरमधली मटाराची पिशवी चालते."

"मग त्या मटाराची उसळ चालंल?"

"नाही आत्या. तो मटार औषधाचाच."

स्नेहाताई पट्टा बांधत असताना जीवन पाठ फिरवून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिला. बराच वेळ.

"ते पान मागच्या महिन्याचं आहे," गारठ्याने दात वाजत असतानाही सुवर्णा म्हणाली.

त्याचे कान लाल झाले. ते तिला दिसले.

मग आठवड्यातून दोनदा येणं सुरू झालं. सूज उतरत गेली, आणि दवाखान्यात जायचा दिवस मात्र तिला फार लांब वाटू लागला.

"शेवंती कशी आहे?" तो विचारायचा.

"बरी आहे. तुमची चौकशी करत होती."

"मालिशवाल्याची?"

"तो शब्द आत्याचा."

"आणि नकार?"

"तो… माझा."

असं म्हणताना ती नजर खाली घ्यायची.

तिसऱ्या आठवड्यात स्नेहाताई पट्टा गुंडाळता गुंडाळता सहज बोलून गेल्या, "रविवारी सर सिन्नरला मुलगी बघायला चाललेत." त्या दिवशी बर्फ अजून ठेवलाही नव्हता, तरी सुवर्णा गारठली.

शनिवारी जीवनने तिला चालायला लावलं, पायऱ्या चढायला लावल्या, डाव्या पायावर उभं केलं. कुठेच दुखलं नाही.

"झालं. आता यायची गरज नाही."

सुवर्णा खुर्चीतून उठली नाही. "उद्या सिन्नर?"

"…हो."

"फोटो बघितलात?"

"नाही."

"न बघता काही ठरवू नये. मी ठरवलं होतं, चुकलं." ती थांबली नाही. "नकार माझा होता. परत घ्यायचा तर मीच घ्यायला हवा. घेतला. पुढे तुमची मर्जी."

"अगं, हे मोठ्यांनी बोलायचं असतं," आत्या हादरून म्हणाली.

"मोठ्यांनी बोलून झालं, आत्या."

जीवनने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "मी… तीन आठवडे… पण तुम्ही पेशंट होता, म्हणून…"

"आता नाही. आत्ताच म्हणालात."

त्याने खिशातून फोन काढला. दोनदा चुकीचा नंबर दाबला, तिसऱ्यांदा लागला.

"बाबा, सिन्नरच्या लोकांना आत्ताच कळवा. त्यांना उगाच वाट बघायला लावू नका… नाही, ठरवलेली गाडी राहू द्या. उद्या मखमलाबादला जायचंय."

पलीकडचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू आला. "अरे, तिथूनच तर नकार आला होता ना?"

जीवनने सुवर्णाकडे पाहिलं. ह्या वेळी तिने नजर खाली घेतली नाही.

"हो बाबा," तो म्हणाला. "तिथेच."