सपाट पायरी

"अगं भिंगरी, वाकून काय बघतेस? पायरी आहे ती, आरसा नाही!" ढब्बू झाडू आपटत ओरडला.

सुट्टीला शेतावरच्या घरी आल्या आल्या काकाने या चुलत भावंडांना कामाला जुंपलं होतं. दुपारी पाहुणे येणार होते आणि दारावर पाटी लागणार होती : 'हे घर आमच्या पूर्वजांनी बांधलं.'

"मागच्या दाराची पायरी झिजून पार खोलगट झालीय. मग सगळे पुढच्या दाराने ये-जा करतात, तर ही सपाट कशी?" भिंगरीने विचारलं.

ढब्बूनेही वाकून बघितलं.

"पक्का दगड असेल! हात चालवा," म्हणत काका पाटी आणायला गेलासुद्धा.

भिंगरीला दूधवाली मावशी आठवली. तिचे वडील मरेपर्यंत सांगत राहिले, "या पायरीवर माझ्या वडिलांचं नाव होतं. ते गेले तेव्हा मी लहान होतो, म्हणून घर राखणदाराकडे सांभाळायला दिलं, ते त्याने परत केलंच नाही." गावाने त्यांना थापाड्या ठरवलं. आणि तो राखणदार म्हणजे भिंगरीच्या आजोबांचे वडील!

"ढब्बू, पहार आण!"

दोघं पहारीवर अक्षरशः लोंबकळले.

"एवढं खातोस, ते आज कामी आलं!"

"गप गं! जोर लाव!"

दगड धाडकन कलंडला. खालच्या बाजूला मधोमध झिजलेला खळगा होता आणि कडेला कोरलेलं नाव. मावशीच्या आजोबांचं!

"कसला आवाज रे?" आजोबांनी आतून विचारलं.

"पायरी हलली, आजोबा!"

"पालथी घाला आधी! ते नाव कुणाला दिसता कामा नये!"

भिंगरी दाराकडे वळली. "आजोबा, तुम्ही तर बाहेरही आला नाहीत. खाली नाव आहे, हे कसं कळलं?"

आतल्या खोलीची कडी लागल्याचा आवाज आला.

तेवढ्यात पाटी घेऊन काका आला आणि त्याच्यामागून दुधाची किटली घेऊन मावशी. काकाने नाव वाचलं आणि ढब्बूची पाठ थोपटली. "शाब्बास रे वाघांनो! पाहुण्यांना सांगायला काय झकास गोष्ट मिळाली!"

"पण काका, मग घर मावशीचं ना?" भिंगरीने विचारलं.

"जुन्या गोष्टी गं त्या! कोण उकरत बसणार?"

मावशी खाली बसली. तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"मीसुद्धा त्यांना म्हणायचे, 'बाबा, पुरे झाल्या थापा.' त्यांच्या शेवटच्या दिवशीही मी तेच म्हणाले." तिने डोळे पुसले. "हुशार आहात हो, पोरांनो. जरा आधी जन्मला असतात तर!"

भिंगरीला रडू आवरेना. अशी शाबासकी तिला नको होती.

मावशीने किटली उचलली आणि ती फाटकाकडे चालू लागली.

"अहो, दूध?" काका ओरडला. "पाहुण्यांच्या चहाचं काय?"

तिने मागे वळूनही बघितलं नाही.