पुलावरचा घडी घातलेला सदरा

पुलावर माणसाचे कपडे सापडलेत, माणसाचा पत्ता नाही, असा फोन आला आणि फौजदारबाई हातातलं काम टाकून निघाल्या.

शंभरीपार गेलेला लोखंडी रेल्वेपूल शहराचे दोन्ही काठ धरून उभा होता. रुळांच्या कडेला एक माणूस जेमतेम चालेल एवढी पत्र्याची वाट. तिच्या मधोमध चपलांचा जोड आणि त्यावर व्यवस्थित घडी घातलेला पातळ सुती सदरा.

"घड्याळजींचा आहे," रूळ तपासणारा गँगमन म्हणाला. "पुलाच्या पायथ्याशी दुकान आहे त्यांचं."

"तू हात लावलास?"

"नाही बाई. पाहिलं तसा फोन केला."

हवालदारानं वस्तू पिशवीत घातल्या. तेवढ्यात रूळ थरथरले. सगळे कठड्याला चिकटले. गाडी अंगावरून गेल्यासारखी गेली आणि तिच्या झोतात हवालदाराची टोपी उडाली ती थेट नदीत.

"सदरा पिशवीत घातला म्हणून वाचला," हवालदार डोकं चाचपत म्हणाला.

"सकाळपासून किती गाड्या गेल्या?" बाईंनी विचारलं.

"चार-पाच तरी," गँगमन म्हणाला.

घड्याळजींची बायको घरात भिंतीला टेकून बसली होती. शेजारी तिचा धाकटा भाऊ. त्याची नदीवर मोटरबोट होती. माणसं ने-आण करायची.

"कधी बाहेर पडले?"

"उजाडायच्या सुमाराला, पोहायला," बायको म्हणाली. "रोजचा नेम. नदीकाठीच वाढलेला माणूस, पाण्यात मासाच."

"काही टेन्शन?"

"काल रात्री तर हसून हसून पोट दुखलं आमचं."

भावानं खाली मान घातली. "ताई, आता लपवून काय उपयोग? बाई, मी पाहिलं. उजाडताना मी काठावर होतो. दाजींनी पुलावर सदरा काढला आणि उडी घेतली."

बाई त्याच्याकडे वळल्या.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"हातपाय गळाले हो. ताईला कोणत्या तोंडानं सांगू?"

"पण तू आला होतास की सकाळी," बहीण त्याच्याकडे बघत राहिली. "थर्मास भरून गरम दूध नेलंस, जुन्या चादरी नेल्यास. मी म्हटलंसुद्धा, दुधाचं नाव काढलं की नाक मुरडणारा तू, आज काय झालं?"

"पोट बिघडलं होतं."

"आणि चादरी?" बाईंनी विचारलं.

"बोट पुसायला. इंजिन बिघडलंय. आज बंदच आहे."

नदीत कोळी जाळी टाकून प्रेत शोधत होते. काठावर बघ्यांची ही गर्दी. बाईंनी एकदा तिकडे पाहिलं आणि भावाला म्हणाल्या, "चला, तुमची बोट दाखवा."

"आत्ता? दाजींचा शोध राहिला बाजूला..."

"शोधच चाललाय."

बोट नदीकाठी, त्याच्या शेडबाहेर उभी होती. पुढच्या टोकाला ताजा पोचा. शेडला मात्र नवंकोरं कुलूप.

"किल्ली?"

"हरवली."

"मग ऐका," बाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणता उजाडताना उडी मारली. त्यानंतर पुलावरून चार-पाच गाड्या गेल्या. एका गाडीनं हवालदाराच्या डोक्यावरची टोपी नेली. हा पातळ सदरा मात्र घडीसुद्धा न मोडता बसून राहिला? तो शेवटच्या गाडीनंतर कुणीतरी नेऊन ठेवलाय. बरं, जीव द्यायला निघालेला माणूस सदऱ्याची घडी कशाला घालेल? पोहायला उतरणारा घालतो. हे कपडे काठावरच्या पायऱ्यांवरचे आहेत. घड्याळजी पाण्यात होते, आणि अंधुक उजेडात तुमची बोट त्यांच्यावर गेली."

तो शेडच्या दारासमोर जाऊन उभा राहिला.

"मेलेल्या माणसाला गरम दूध लागत नाही. कुलूप उघडता, का तोडू?"

किल्ली त्याच्या खिशातूनच निघाली.

आत दोरखंडांच्या ढिगावर, चादरींत गुंडाळलेले घड्याळजी. मांडी सुजून ढोलासारखी झालेली, अंग तापानं फणफणलेलं. श्वास चालू होता. हवालदार अँब्युलन्ससाठी धावला.

"प्यायलेलो होतो," भाऊ मटकन खाली बसला. "गेल्या खेपेलाच बोटीचा परवाना जाणार होता. दाजींनी हातापाया पडून वाचवला. परत असं करणार नाही म्हणून शब्द दिला होता मी त्यांना. दवाखान्यात नेलं असतं तर सगळं बाहेर आलं असतं."

"म्हणून त्यांना पुलावरून ढकललंत. नुसत्या कपड्यांनी," बाई म्हणाल्या. "सगळं गाव नदीत शोधत राहिलं की या शेडकडे कोण बघतंय?"

बहीण मागोमाग आली होती. ती सरळ आत गेली, नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला. त्यांनी डोळे किलकिले केले, ओठ हलवले. तिनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

"ताई, मी त्यांना मारलं नाही गं," भाऊ रडत म्हणाला. "दूध पाजलं मी. विचार त्यांना."

तिनं वर पाहिलं.

"मारलं नाहीस रे. मरायची वाट बघत बसलास."

मग परत आलेल्या हवालदाराला तिनं दाराबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "याला आधी न्या इथून. यांना शुद्ध येईल, आणि शुद्धीवर आले की पहिलं याला माफ करतील."