दादाची वाफ, दररोज

नीलगिरीचं तेल संपलं होतं, म्हणून मी औषधांच्या दुकानात रांगेत उभी होते. पुढचे आजोबा गोळ्यांच्या रंगावरून दुकानदाराशी हुज्जत घालत होते आणि ते काही लवकर आटपणार नव्हतं. वेळ जावा म्हणून मी फोनवर ‘टाचण’च्या तक्रारी उघडल्या. तुम्हाला टाचण माहीत असायचं कारण नाही. रोजची कामं लिहून ठेवायचा तो एक फुकटचा प्रोग्राम आहे. चित्रं नाहीत, रंग नाहीत, नुसत्या साध्या अक्षरांच्या ओळी. कुणीही घ्यावा, आत डोकवावं, हवा तसा बदलावा. आम्ही काही हौशी लोक तो सांभाळतो आणि मोबदल्यात शिव्या खातो.

त्यातला ‘दररोज’चा भाग माझा. ओळीच्या शेवटी दररोज लिहायचं आणि काम उरकलं की ‘झालं’ अशी खूण करायची. ओळ आपोआप दुसऱ्या दिवसाची तारीख घेऊन पुन्हा उभी राहते. एवढंच काम, पण त्यात माझी दोन वर्षं गेली होती.

तक्रार एका बाईंची होती. आईच्या डोळ्यांत थेंब घालायची ओळ पुढे सरकत नाही, बाकी सगळ्या नीट सरकतात. घरी येऊन मी तशीच ओळ लिहून पाहिली. सरकली. आमच्या धंद्यात अशा वेळचं उत्तर ठरलेलं असतं : आमच्याकडे असं होत नाही. ते लिहिलं, तक्रार बंद केली आणि तेलाची बाटली घेऊन दादाच्या खोलीत गेले.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, आणि म्हातारपण यायच्या आत छाती गेली. उशाशी ऑक्सिजनचं मशीन अखंड घरघरायचं. डॉक्टर आता औषधांबद्दल कमी आणि ‘त्यांना जपा’ असंच जास्त बोलायचे. आईवडील गेल्यावर त्यानंच मला वाढवलं होतं. माझं म्हणावं असं दुसरं कुणी नव्हतं. दिवेलागणीला त्याला वाफ द्यायची, हे आमचं दिवसातलं मोठं काम. डोक्यावरून टॉवेल घेऊन तो वाकायचा आणि आतून काही ना काही बोलायचा.

त्याच आठवड्यात बाईंचं उत्तर आलं. ‘राहू द्या. आई गेली. आता गरज नाही.’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी मास्तरांचा फोन आला. टाचण सांभाळणाऱ्यांपैकी ते एक. कधी भेट नाही, पण माझ्या प्रत्येक ओळीत चूक काढतात, म्हणून मास्तर.

“जुन्या तक्रारी चाळत होतो,” ते म्हणाले. “अशी ही पहिलीच नाही गं. दर वेळी एखादीच ओळ अडते. आणि ज्याच्या नावाची ओळ अडते ना, तो...”

“तो काय?”

“काही नाही. जेवलीस का तू?”

मी हसून फोन ठेवला. संगणकाला माणसाचं काय कळतंय? पण त्यानंतर रोज खूण करताना माझा हात क्षणभर थांबायला लागला.

आणि एका संध्याकाळी ती अडली. ‘दादाची वाफ, दररोज.’ मी ‘झालं’ केलं आणि ओळ तशीच राहिली. पुढची तारीख नाही. खालची दुधाची ओळ सरकली, कचऱ्याची सरकली. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. पलीकडे दादा खोकत होता, आणि तो खोकला नेहमीपेक्षा हलका होता. खोकायलाही त्राण लागतं.

मी माझाच प्रोग्राम एकेक पायरीनं चालवून पाहिला. सगळं बिनचूक. एका जागी तो विचारतो, या ओळीचा पुढचा दिवस कोणता? दुधाला उत्तर मिळत होतं. दादाच्या ओळीला उत्तर रिकामं येत होतं. चूक नव्हे, रिकामं.

मग मी ते विचारणंच काढून टाकलं. विचारायचंच नाही. आजच्या तारखेत एक दिवस मिळवायचा आणि दामटून लिहायचा. आमच्यात रिवाज आहे की दुरुस्तीबरोबर एक चाचणी जोडायची, म्हणजे तीच चूक पुन्हा शिरली तर कळते. टाचण जिथे उघडेल तिथे आधी या चाचण्या चालतात. नवी ओळ रचायला सवड नव्हती. समोर होती तीच ओळ उचलून चाचणीत चिकटवली. दुसऱ्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय दुरुस्ती बाहेर सोडायची नाही, हाही रिवाज आहे. मास्तरांची वाट मी पाहिली नाही. दुरुस्ती तशीच बाहेर सोडली.

ओळ सरकली.

दुसऱ्या दिवशी दादा उशीला टेकून बसला होता. मी पातेलं आणलं. टॉवेलाआडून तो म्हणाला, “एवढी वाफ एखाद्या इंजिनाला दिली असतीस, तर ते तरी धावलं असतं.” मग खोकला, मग हसला. मी रडत रडत हसले. डॉक्टर म्हणाले, “आहे तसं टिकलंय, हेच खूप.” मी सुखात होते हो, खरंच.

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, “एवढी वाफ एखाद्या इंजिनाला दिली असतीस...” मला वाटलं, विसरला असेल. चौथ्या दिवशीही तेच, खोकला त्याच शब्दानंतर, हसू तेवढंच.

मग एका बसचालकाचा निरोप आला. बायकोच्या इंजेक्शनची त्यांची ओळ अडली होती, आणि माझ्या दुरुस्तीनं सुटली होती. ‘आभारी आहे. एक विचारायचं होतं. हिची नखं वाढत नाहीत. तुमच्याकडे कुणाचं असं झालंय का?’

मी उठून दादाकडे गेले. त्याच्या गालावरून हात फिरवला. मी त्याची दाढी केली होती ती दुरुस्तीच्या आदल्या दिवशी. गाल गुळगुळीत होता.

त्या दिवशी वाफ देताना मी टॉवेल वर धरला. तो बोलायला लागला, “एवढी वाफ...” तोंड नेहमीसारखं हसत होतं. डोळे मात्र हसत नव्हते. डोळे माझ्याकडे लागले होते आणि त्यांतून पाणी वाहत होतं, आणि बोटांनी माझं मनगट आवळलं होतं.

“दादा, तुला कळतंय का? हे... रोज?”

“...एखाद्या इंजिनाला दिली असतीस,” तो म्हणाला. बोटं आणखी घट्ट झाली.

ज्यानं मला वाढवलं, त्याला मी कशात कोंडलं होतं ते मला तिथेच कळलं. त्याला सोडवायचं म्हणजे काय, तेही कळलं. रात्रभर त्याच्या पायाशी बसले, त्याची माफी मागितली. सकाळी दुरुस्ती मागे घेतली, ओळ पुसली, फाइल पुसली, शेवटी संगणकावरून टाचणच काढून टाकलं. मग खोलीत जाऊन त्याचा हात हातात घेतला आणि वाट पाहत राहिले.

दिवेलागणीला तो वाकला. पुढे पातेलं नव्हतं, टॉवेल नव्हता. “एवढी वाफ एखाद्या इंजिनाला दिली असतीस, तर ते तरी धावलं असतं.”

मी मास्तरांना फोन लावला. सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी पलीकडे माझी दुरुस्ती उघडली.

“तुझी ती चाचणी,” ते म्हणाले. “त्यातली ओळ... खरी आहे?”

“हो.”

“अगं, ती सगळ्यांकडे गेलीय. जिथे जिथे टाचण उघडतं, तिथे तुझ्या दादाची ओळ पुढे सरकते.”

“परत बोलवा. सगळ्यांना सांगा, काढून टाका म्हणून.”

“सांगतो. पण लोकांनी पुढे लोकांना दिलंय. त्यांची नावं आपल्याला कुठे माहीत? आपण म्हणालो होतो ना, कुणीही घ्यावा.”

आम्ही लिहिलं, विनवण्या केल्या. काहींनी काढलं. बसचालकांनी एका शब्दात कळवलं, ‘नाही.’ मला त्यांचा राग आला नाही. मीही हेच म्हणाले असते. इतरांनी वाचलंसुद्धा नसेल.

हे सांगत असतानाच एक नवी तक्रार आली आहे. कुणी अनोळखी विद्यार्थी दिसतो. ‘प्रोग्राम छान आहे. फक्त उघडताना पहिली चाचणी चालते, तेव्हा आतून कुणीतरी खोकतं. मग एक माणूस अगदी हळू म्हणतो, पुरे गं, आता पुरे. आवाज बंद केला तरी येतो. हे कुठून बंद करायचं?’

त्याला काय लिहू? इथे पलीकडच्या खोलीत दादा आत्ता इंजिनापर्यंत आलाय, आणि आता हसेल.